कोरा फर्मा

आमचं बाइंडिंगचं दुकान पापाच्या तिकटीला.
नाव ऐकून पाहुणे हसतात, आम्ही नाही.
पाप कुणाचं, हे इथं कुणी विचारत नाही,
पत्ता सांगतात आणि वळतात.

उन्हाळ्यात वाचनालयाची पोती येतात,
कुमार विभाग, पाठ मोडलेली पुस्तकं.
मी खळ शिजवते, कसर लागू नये म्हणून
चिमूटभर मोरचूद टाकते,
आणि शिवण उसवता उसवता वाचते.
वडील म्हणायचे, बाइंडरनं वाचू नये, हात थांबतो.
माझा थांबतो.

सोळा पानांचा एक फर्मा. अकरा फर्म्यांची कादंबरी.
तिसऱ्यात पोरगी शहाणी होते, आई कुजबुजते.
सातव्यात कुणीतरी तिचा हात धरतं
आणि ती काढून घेत नाही.
तिथं लेखकानं तीन टिंबं दिलीत.
आठव्यात शेजारीण बघते. नवव्यात शाळा.
दहाव्यात बापाची मान खाली.
अकराव्यात विहीर,
किंवा लेखक दयाळू असेल तर
मामाच्या गावचं स्थळ.
मुलगा?
त्याला आठव्यातच पुण्याला
इंजिनिअरिंगला पाठवलेलं असतं.

मुखपृष्ठं वेगळी, लेखक वेगळे, दोघी तर बायकाच,
पण दाभण त्याच भोकातून जातं.

कुठलं पान किती वाचलं गेलं
हे मी डोळे मिटून सांगेन.
विहिरीचा कागद अजून करकरीत.
पान एकशेतीन मात्र विरलंय,
टिंबांच्या जागी तर बोटं लागून लागून
पलीकडची अक्षरं दिसतात.
समासात पेन्सिलीनं: ती का मेली?
खाली दुसऱ्या हातानं, लाल जेलपेन:
सरांना पुस्तक संपवायचं होतं.

आम्ही नववीत असताना कुमुद चौगुलेला
रंकाळ्यावर कुणाच्या तरी लुनावर बघितलं.
बघणाऱ्यांची संख्या वर्षभर वाढतच गेली.
बाकावर तिचं नाव, मुतारीच्या भिंतीवर तिचं नाव.
मी तिच्या शेजारची जागा सोडली,
हेही इथं लिहून ठेवते.
सहामाहीनंतर ती गारगोटीला, आत्याकडं.
पुढं काही कळलं नाही, म्हणून कितीतरी वर्षं
मी तिला अकराव्या फर्म्यात धरून चालले होते.

गेल्या महिन्यात दुकानासमोर स्कूटी लावली तिनं.
केसांत पीठ. स्वतःची गिरणी आहे, डंकासुद्धा.
लेकीच्या जर्नलांना पुठ्ठे घालायचे होते.
म्हटलं, कुमुद, त्या वेळी मी…
व्हय, उठलीस तू, ती म्हणाली.
मग म्हणाली, चहा सांग की.

चहा येईपर्यंत तिनं एकशेतीन पान वाचलं, उभ्यानंच.
टिंबांवर बोट ठेवलं.
मला आवडलं होतं गं, म्हणाली, लुनावर.
वारा लई होता.
ह्यात मरण्यासारखं काय हाय?
बोट उचललं तर तिथं पिठाचा ठसा.
मी झटकला नाही.

त्या खेपेला प्रत्येक कादंबरीला शेवटी
मी एक फर्मा कोरा शिवला.
विहीर काढली नाही, तो माझा धंदा नव्हे.
लिहिलंही काही नाही, मला तसलं येत नाही.
विहिरीनंतर सोळा पानं, इतकंच.

कारकुनानं बिल बघून विचारलं,
ही कोरी पानं कशाला?
ह्याचे पैसे मिळणार नाहीत.
म्हटलं, नका देऊ.
पण फाडू नका,
सगळी शिवण सुटेल.